मूळ स्प्रिंग, नवे शॉकअप : सोलापूरच्या एका पोर्शे केमनचं प्रकरण

मालक माझ्या गॅरेजमध्ये शिरले तेच मोबाइल पुढे करून. स्क्रीनवर कॉइलओव्हर किटचं, म्हणजे उंची आणि जोर फिरवता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचाचं कोटेशन होतं, साडेतीन लाखांच्या घरातलं. "अण्णा, हे मागवून टाकू का? कंप्रेशन वेगळं, रिबाउंड वेगळं, दोन्ही आपल्या हातात." कंप्रेशन म्हणजे शॉकअप दबतानाचा विरोध, रिबाउंड म्हणजे परत उघडतानाचा. मी म्हणालो, "मालक, पैसे नंतर भरा. आधी गाडी लिफ्टवर घेऊ."

सोलापुरात आम्ही ज्याला त्याला मालक म्हणतो, पण हे खरोखरच मालक. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. गाडी पोर्शे केमन, २०१० चं मॉडेल, २.९ लिटर, २६५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), इंजिन सीटच्या मागे आणि ताकद मागच्या चाकांना. रिकाम्या गाडीचं वजन १३३० किलोच्या आसपास. पुढे-मागे चारही ठिकाणी मॅकफर्सन स्ट्रट. म्हणजे शॉकअप नुसता झटका शोषत नाही, चाक सरळ धरून ठेवायचं कामही तोच करतो. पुण्यातून ही गाडी त्यांनी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकानं कधीतरी शॉकअप बदलून साधे ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचे) टाकले होते, त्यांच्यावरचं लेबलही शिल्लक नव्हतं.

मालक वर्षातून दोनदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला जातात. ३.७ किलोमीटरचा तो ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा आहे. गाडी ट्रेलरवर नेत नाहीत, स्वतः चालवत नेतात. विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बेंगळुरू, एका बाजूनं सव्वानऊशे किलोमीटरच्या आसपास. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. हा प्रवासाचा तपशील इथे मुद्दाम देतोय, कारण शेवटी निर्णय त्यावरच फिरला.

त्याआधी काय झालं होतं

एक गोष्ट आधीच कबूल करतो. या गाडीत पहिली चूक झाली ती माझ्याच लिफ्टवर. आदल्या पावसाळ्यानंतर मालकांनी पुण्यातल्या एका दुकानदाराकडून ३० मिलिमीटर उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा आणल्या. "गाडी खाली बसली की वळणात चिकटून जाते," असं दुकानदारानं सांगितलं होतं. गाडी दिसायलाही देखणी होणार होती. मी शॉकअपचं काय ते विचारलं. "ते चालतात," हे उत्तर ऐकलं आणि स्प्रिंगा बसवून दिल्या. तिथेच थांबायला हवं होतं मी.

फेब्रुवारीत ट्रॅकवर पहिल्या तीन लॅपा (फेऱ्या) ठीक गेल्या. चौथ्या-पाचव्या लॅपपासून गाडी तरंगायला लागली, असं मालक सांगतात. ब्रेक मारला की नाक खाली, सोडला की वर, परत खाली. लॅपची वेळ चार सेकंदांपर्यंत वाढत गेली. तिसऱ्या सेशनमध्ये एका वेगवान उजव्या वळणावर मागचा भाग काही न कळवता सुटला आणि गाडी गोल फिरून गवतात थांबली. कुणाला लागलं नाही, पत्राही वाकला नाही. पण परत येताना नऊशे किलोमीटर माणूस गप्प होता, असं त्यांच्याबरोबर गेलेला भाचा म्हणाला. त्यातूनच ते कोटेशन आलं होतं.

लिफ्टवर काय दिसलं

मागच्या डाव्या शॉकअपच्या बुडाशी काळी, ओलसर धूळ जमली होती. बोट फिरवलं तर बोटाला तेल. उजवा कोरडा. रबरी बूट वर सरकवला तर आतला बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दबला की आदळ झेलणारा तुकडा) अर्धा चुरगळलेला, खालच्या टोकाला तुकडे पडलेले. म्हणजे शॉकअप वारंवार शेवटपर्यंत दाबला जात होता.

मग आम्ही चारही शॉकअपच्या रॉडवर एकेक बारीक केबल टाय घट्ट बांधून स्टॉपरपासून खाली सरकवून ठेवली. शॉकअप दबला की टाय रॉडवर वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. किती चाल, म्हणजे दबायची लांबी, वापरली गेली ते नंतर पट्टीनं मोजायचं. यासारखं स्वस्त मोजमापाचं साधन दुसरं नाही. होटगी रोडनं विमानतळापर्यंत जाऊन परत आलो, वेग शहराचा, वाटेत दोन गतिरोधक आणि एक खोदून बुजवलेला चर. मागच्या दोन्ही टाय थेट स्टॉपरला टेकलेल्या होत्या. ट्रॅकचा प्रश्नच नाही, ही गाडी सोलापुरातच चाल संपवत होती.

आता गवतात का गेली ते उलगडतं. उजव्या वळणात भार डाव्या बाजूवर येतो. डावा मागचा कोपरा दबत गेला, ३० मिलिमीटर चाल आधीच खाली बसण्यात गेलेली, म्हणून तो स्टॉपरवर आदळला. त्या क्षणी मागच्या बाजूचा कडकपणा एकदम कित्येक पट वाढतो, सगळं ओझं एका टायरवर येतं आणि टायर पकड सोडतो. चालवणाऱ्याला आधी काही सूचना मिळत नाही. मधोमध इंजिनाची गाडी वळायला चपळ असते, तशीच फिरायलाही. सावरायला वेळ देत नाही.

थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं पटत नाही

स्प्रिंग वजन झेलते आणि शक्ती साठवते. शॉकअप त्या शक्तीची उष्णता करून टाकतो. स्प्रिंगच्या मानानं शॉकअप किती जोराचा आहे यावर सगळं अवलंबून. एका कोपऱ्यावर ३०० किलो आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला ३० न्यूटन धरू. हे आकडे समजण्यापुरते आहेत. धक्का बसल्यावर एकही हेलकावा न खाता गाडी स्थिर व्हायला जेवढं डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे शमवणारा विरोध, लागतं, ते या आकड्यांवर सेकंदाला एक मीटर वेगामागे ६,००० न्यूटन येतं. याला क्रिटिकल म्हणतात. एवढं कुणी ठेवत नाही, गाडी लाकडासारखी होईल. साध्या घरगुती गाडीत त्याच्या ०.३ च्या आसपास असतं, धारदार गाडीत ०.५, ट्रॅकवर ०.६५ ते ०.७.

धडधाकट शॉकअप ३,००० चा असेल तर मूळ स्प्रिंगवर गुणोत्तर ०.५. खाली बसवणारी स्प्रिंग जास्त कडक, म्हणून आता स्प्रिंग ४० ची करा. क्रिटिकलचा आकडा ६,००० वरून ६,९०० च्या पुढे जातो, कारण तो स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं वाढतो. शॉकअप तोच, म्हणून गुणोत्तर ०.४३ वर घसरलं. त्यात शॉकअप थकून २,००० वर आलेला असेल तर ०.२९. कडक स्प्रिंग टाकून आम्ही ट्रॅकच्या गाडीला घरगुती गाडीसारखं डोलायला लावलं होतं. स्प्रिंग बदलणाऱ्या प्रत्येकानं हा एवढा हिशेब कागदावर मांडावा असं मला मनापासून वाटतं.

थकलेला शॉकअप २,००० चा हा माझा नुसता अंदाज नव्हता. चाकणच्या एका कारखान्यात ओळख निघाली, तिथल्या तपासणी यंत्रावर मागची जोडी लावून पाहिली. डाव्याचा जोर उजव्याच्या दोन तृतीयांशही भरला नाही. शिवाय दहा मिनिटं सतत पळवल्यावर दोघांचाही आलेख खाली आला आणि उजव्याचा आवाज बदलला, पाणी घुसळल्यासारखा. ट्विन-ट्यूबमध्ये आत पिस्टनची नळी, बाहेर तेलाचा साठा आणि वर कमी दाबाचा वायू असतो. पिस्टन भरभर हलला की मागच्या बाजूला दाब घटतो, तेलात बुडबुडे धरतात, फेस होतो. फेसातून पिस्टन सहज जातो, म्हणजे डॅम्पिंग संपलं. चौथ्या लॅपला गाडी तरंगायची ती यामुळे. शिवाय आतली उष्णता साठ्याच्या थरातून बाहेर पडायला वेळ लागतो. ज्या गावात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, तिथे हे लक्षात ठेवायलाच हवं.

मोनोट्यूबमध्ये नळी एकच. तेलाच्या टोकाला तरंगता पिस्टन आणि त्याच्या पलीकडे २० ते ३० बारच्या दाबाचा नायट्रोजन. तेल कायम दाबाखाली असल्यानं फेस धरत नाही, आणि नळीची बाहेरची बाजू थेट वाऱ्याला लागते. ही रचना फ्रान्सच्या ख्रिश्चन बूर्सिए द कार्बों यांची. जर्मनीच्या बिल्स्टाईननं ती कारखान्यात उतरवली आणि १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांवर आणली. ट्विन-ट्यूब म्हणजे टाकाऊ असा अर्थ मात्र कुणी काढू नये. कोनी कंपनीचे पिवळे शॉकअप ट्विन-ट्यूबच आहेत आणि उत्तम आहेत. आमच्या गाडीतले ना उत्तम होते, ना तरुण.

समोर असलेले पर्याय

मालकांच्या मनात केडब्ल्यू कंपनीचं व्ही३ किट होतं. त्यात कंप्रेशन आणि रिबाउंड वेगवेगळे फिरवता येतात. चीज उत्तम, यात शंका नाही. पण मी त्यांना विचारलं, पुढची जोडी आणि मागची जोडी, प्रत्येकी दोन बटणं, म्हणजे चार. प्रत्येक बटणाच्या पाचच जागा तपासायच्या म्हटल्या तरी ६२५ जोड्या. तुम्हाला वर्षाला सेशन किती मिळतात? आठ, फार तर दहा. ज्याच्याकडे दर आठवड्याला ट्रॅक आणि शेजारी आकडे वाचणारा इंजिनियर आहे, त्याच्यासाठी ती चार बटणं सोन्याची. आपण एक बटण चुकीच्या दिशेला फिरवून ठेवणार आणि वर्षभर तसेच फिरणार.

स्वीडनच्या ओलिन्सचं रोड अँड ट्रॅक मला स्वतःला सगळ्यात आवडतं. त्यातला व्हॉल्व्ह धारदार खड्ड्यावर दोन्ही दिशांना पटकन उघडतो, आणि फिरवायचं बटण एकच. बिल्स्टाईनचं बी१६ही एका बटणाचं, दहा टप्प्यांचं. दोन्ही गोष्टी परवडल्या असत्या. अडचण उंचीची होती. असे बहुतेक किट मूळ उंचीपेक्षा खाली बसण्यासाठीच बनवलेले असतात, आणि वर-खाली करायची थ्रेडेड (आटे असलेली) कॉलर चाकाच्या कमानीत उघडी असते. आपल्याकडची धूळ आणि त्यावर पावसाळ्यातला चिखल, दोन वर्षांत ती कॉलर जागची हलत नाही. छिन्नी-हातोडीनं सोडवलेल्या कॉलरा मी पाहिल्या आहेत.

राहिले बिल्स्टाईनचे बी६. मोनोट्यूब, मूळ लांबीचे, मूळ स्प्रिंगसाठी. बटण एकही नाही. त्याच घरचे बी८ आखूड असतात, ते खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी. ज्यांना मालकांसारख्या स्प्रिंगा ठेवायच्याच आहेत त्यांनी निदान बी८ कडे जावं.

मी म्हणालो बी६ घ्या, आणि जुन्या मूळ स्प्रिंगा परत घाला. त्या मी माळ्यावर जपून ठेवल्या होत्या.

मालक गप्प झाले. मग म्हणाले, "एवढा खर्च करून गाडी उलट वर उचलायची? पोरं काय म्हणतील?" ही त्यांची भावना मी हलकी धरली नाही. गाडी माणूस डोळ्यांनीही चालवतो. सात रस्ता चौकात सिग्नलला थांबल्यावर लोक वळून बघतात, त्यातही आनंद असतो. पण मी त्यांना टाय दाखवल्या. होटगी रोडवर चाल संपलेली. मग विचारलं, वर्षात गाडी किती चालते? सहा-सात हजार किलोमीटर. त्यातले ट्रॅकवर? मुश्किलीनं चारशे. उरलेले सगळे सोलापुरात आणि विजापूर-होस्पेट रस्त्यावर. शॉकअप स्प्रिंगला साजेसा हवा आणि स्प्रिंग त्या रस्त्याला साजेशी हवी, ज्यावर गाडी जास्त पळते. माझं म्हणणं एवढंच होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना पटली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. मूळ उंचीवर, मूळ स्प्रिंगवर राहिलं की हा घोर उरत नाही. विम्याचं वेगळं. साध्या खासगी पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, त्यामुळे ट्रॅकवर जे होईल ते शॉकअप कुठलेही असले तरी आपल्या खिशातून. मालकांना हे माहीत नव्हतं. पॉलिसी काढून वाचल्यावर चेहरा बदलला.

दोन दिवसांनी फोन आला. "अण्णा, तुमचंच खरं करू."

बसवणं

पार्सल यायला महिना-सव्वा महिना गेला. बसवताना शॉकअपबरोबर वरचे माउंट, बंप स्टॉपर आणि धुळीचे बूट नवे टाकले. इथे पैसे वाचवणारे नंतर खडखड आवाज घेऊन परत येतात. रबरी बुश असलेले बोल्ट लिफ्टवर हवेत घट्ट केले नाहीत. गाडी चाकांवर उभी करून, वजन आल्यावर टॉर्क रेंचनं आवळले. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. स्प्रिंग कंप्रेसर चालवताना मी कुणालाही समोर उभं राहू देत नाही, स्वतःच्या पोरालाही नाही.

गाडी खाली उतरवली आणि फेंडरपर्यंतची उंची मोजली तर जुन्या स्प्रिंगच्या मूळ नोंदीपेक्षा ६ मिलिमीटर जास्त. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. नायट्रोजनचा दाब रॉडला सतत बाहेर ढकलतो. २५ बार दाब आणि ११ मिलिमीटरचा रॉड धरला तर हा जोर २४ किलोच्या आसपास येतो, तेवढी गाडी वर राहते. दोष नाही, गुणाची सावली आहे. मग अलाइनमेंट. पुढचा कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आतला कल) मूळ सोयीत जेवढा आत जाईल तेवढा घेतला, मागचा टो (चाकाच्या पुढच्या टोकाची आत-बाहेर दिशा) दोन्ही बाजूंना सारखा केला. तो आधी सारखा नव्हता, हेही तेव्हाच कळलं.

ट्रॅकवर

पुढची ट्रॅक डे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेनंतर होती. यावेळी मीही गेलो. पहाटे टायरचा दाब भरला, प्रत्येक सेशननंतर गरम असताना मोजून वाढलेला काढला, आणि केबल टाय वाचल्या. पहिल्या सेशननंतर मागच्या डाव्याच्या टायपासून स्टॉपरपर्यंत १४ मिलिमीटर जागा शिल्लक होती. मी ती पट्टीसकट मालकांना दाखवली. ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

सर्वांत चांगली लॅप जुन्यापेक्षा जेमतेम दोन सेकंदांनी सुधारली. यात मालकांचा वाढलेला अनुभवही आहे, सगळं श्रेय शॉकअपला देणार नाही. माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळी. आधी सेशनच्या शेवटी चार सेकंद हरवायचे, आता पहिली आणि शेवटची लॅप एका सेकंदाच्या आत. त्याच उजव्या वळणावर मागचा भाग एकदा हलला, पण हळू, आधी कळवून, आणि मालकांनी स्टिअरिंग थोडं सैल करून सावरला. पिटमध्ये येऊन हेल्मेट काढताना म्हणाले, "अण्णा, या वेळी तिनं सांगितलं मला."

सगळं सुटलं असं नाही. हळू वळणात पुढचा भाग अजून बाहेर ढकलला जातो, पुढच्या टायरची बाहेरची कड आतल्यापेक्षा लवकर झिजते. मूळ सोयीत कॅम्बर पुरत नाही, त्यासाठी वरच्या कॅम्बर प्लेट लागतील आणि त्यांचा खडखडाट रस्त्यावर सोसावा लागेल. तिसऱ्या सेशनमध्ये ब्रेक पेडल मऊ पडलं, तेल जुनं होतं. कोटेशनमधून वाचलेल्या पैशातून चांगलं ब्रेक तेल आणि पॅड आता घेतलेत. सोलापुरात कमी वेगानं रेल्वे रुळांवरून किंवा पेव्हर ब्लॉकवरून जाताना बी६ आधीच्यापेक्षा टणक लागतात. मालकांच्या आई पहिल्यांदा बसल्या तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं. साठ-सत्तरच्या वेगात मात्र उलट, खड्डा लागला की एक ठोका आणि गाडी शांत. आधी तीन हेलकावे असायचे.

खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मालकांनी विकल्या नाहीत, मीही विकू दिल्या नाहीत, कारण त्या जुन्या शॉकअपबरोबर दुसऱ्या कुणाच्या गाडीत जातील. माळ्यावरच आहेत, वर खडूनं "बी८ शिवाय नको" असं लिहिलंय. मागची जोडी नोव्हेंबरच्या ट्रॅक डेआधी पुन्हा चाकणला नेणार आहे. डावा आणि उजवा किती जवळ राहिलेत ते मला आलेखावर बघायचंय.